ढळढळीत पुरावा

लसीचं नुसतं नाव काढलं तरी अंगावर येणारे आमचे भाऊजी आज भलतेच फॉर्मात होते. सहा वर्षांची भाची गोवराच्या तापाने फणफणली होती, ताई तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती, आणि या गृहस्थांनी लेकीच्या लसीकरण कार्डाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. "ही बघा तारीख, हा बघा दवाखान्याचा शिक्का! गोवराची लस घेऊनही गोवर झालाच ना? आता तरी डोळे उघडा."

पटापट अंगठे आले. आत्याने तर नातवाची उद्याची लस रद्दसुद्धा करून टाकली.

भाऊजींना आणखी चेव आला. "काय मेहुणे, तुम्ही त्याच दवाखान्यात कंपाउंडर ना? मग बोला की! दातखीळ बसली का?"

मी टाइप केलेलं सगळं पुसून टाकलं.

&nbsp;

शाळेच्या प्रवेशाच्या वेळी "सुई नको, नुसता शिक्का मारा" म्हणून याच माणसाने माझे पाय धरले होते, आणि मी नालायकाने तो मारला होता.