अर्जाची पोच

मेघा दिल्लीत आंतरराष्ट्रीय संबंध शिकते आणि एका संस्थेत इंटर्नशिपही करते, एवढं अख्ख्या मनीषनगराला ठाऊक होतं. म्हणून ती सुट्टीत नागपूरला येताच शेजारच्या कांताबाई अर्ज घेऊन हजर. त्यांचा मुलगा प्रीतम परदेशात कामाला होता. तिथे युद्ध पेटलं आणि आठ दिवसांपासून त्याचा फोन लागत नव्हता. “काकू, माझ्या हातात काही नाही. मी बैठकांमध्ये टेबलावर देशांच्या नावांच्या पाट्या मांडते फक्त.” “मंग त्या देशाचीबी मांडत असशीन ना?” त्यावर मेघाला नाही म्हणता येईना. तिनं अर्ज घेतला. कांताबाईंनी त्याची झेरॉक्स पुढे केली. “यावर पोच दे वं मले.” मेघानं ‘अर्ज मिळाला’ लिहून सही केली, तारीख टाकली. कागद पिशवीत जपून ठेवत कांताबाईंनी फाटकातूनच नवऱ्याला फोन लावला, “आता जेवून घ्या. अर्ज दिल्लीले पोहोचला.”