हुबेहूब

हनुमंत सणसवाडीला कंपनीत कामावर होता, तेव्हा वरवंडच्या घरी त्याच्या आईला फोन आला. आवाज हुबेहूब हनुमंतचाच. पोलिसांनी धरलंय, लगेच पैसे पाठव, म्हणून विनवत होता. सगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी हनुमंत शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत होता, "त्या चोरांनी कॉम्प्युटरवर माझा आवाज काढला व्हता. शिकलेली माणसं फसत्यात, पर आमची म्हातारी फसली न्हाई." मग आईकडं वळून त्यानं विचारलं, "तो मी न्हाई, हे तुला कसं गं कळलं?"

सगुणाबाई मेथी निवडता निवडता सहज म्हणाल्या,



"फोन उचलल्याबरुबर त्यानं पहिलं 'आई, जेवलीस का?' आसं इचारलं."