जिवंत नमुना

एकही जिवंत नव्हता. निलोफरनं चौथा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि पुन्हा तेच. बाकीचे डायॲटम सोनेरी पोट घेऊन इकडून तिकडे सरकत होते. तिचा तेवढा रिकामा. नुसतं काचेचं टरफल.

पांढरकवड्याहून पंधरा किलोमीटरवर, कोलाम आदिवासींच्या पोडाच्या, म्हणजे वस्तीच्या मागे, टेकडीच्या पायथ्याशी चार-सहा डबकी आहेत. कुजक्या पानांचा काळा गाळ, त्यातून बारमाही झिरपणारं पाणी. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या निलोफरला तीन वर्षांपूर्वी इथंच तो डायॲटम सापडला. काचेच्या कवचातलं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, आणि जगातल्या कुठल्याच यादीत त्याचं नाव नाही. नवी प्रजाती! तिच्या अब्बांनी तर गॅरेजमध्ये येणाऱ्या एकूणएक ट्रकवाल्याला ही बातमी ऐकवली होती. नावही ठरलं होतं. डबक्यांची वाट दाखवली ती पोडातल्या मथुराबाईनं, तर नाव तिचंच द्यायचं.

लेख काल छापायला जायचाच होता. त्याआधी यवतमाळला जुन्या गुरूंना, नरहर सरांना दाखवला आणि तिथं माशी शिंकली. सरांनी चित्रं पाहिली, मापं पाहिली, मान डोलावली. मग चष्मा काढून विचारलं, "हा जिवंत कधी पाहिलास?"

डायॲटमची नक्षी नीट दिसायची तर नमुना आम्लात उकळावा लागतो. आतलं सगळं जळून जातं, काच तेवढी उरते. पण त्याआधी कच्चं पाणी एकदा भिंगाखाली बघायचं असतं, हे पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. निलोफर पडली घाईची. दर दिवाळीच्या सुटीत बाटली न्यायची आणि सरळ आम्लात. तीन वर्षांत बाईसाहेबांना एक थेंब तसाच बघायला फुरसत झाली नव्हती.

"एक जिवंत दाखव," सर म्हणाले. "मग खुशाल नाव दे."

म्हणून आज उजाडताच स्कूटी काढून ती इथं आली होती. एका जिवंत पेशीवर सगळं अडलं होतं. दहा थेंब झाले. वीस झाले. मग तिच्या लक्षात आलं, वरच्या अंगाच्या डबक्यात ही टरफलं जास्त आहेत. ती चढ चढून वर गेली. तिथं जंगल संपून कपाशीची पऱ्हाटी लागत होती. फवारणीचा पंप जिथं भरतात, धुतात, तिथली माती पांढुरकी पडली होती. बाजूला औषधाची फाटकी पाकिटं. तिनं काडीनं पाकिटातली चिमूटभर पावडर काचेवर घेतली.

भिंगाखाली तिची प्रजाती खच्चून भरलेली होती.

टेकाडावर रेंज मिळाली तसा तिनं सरांना फोन लावला. पावडरीत काय दिसलं ते सांगितलं. सर म्हणाले, "अशा पावडरीत भर म्हणून एक माती घालतात गं. जुन्या तळ्यांच्या तळातून खणलेली. ती सगळी असल्याच टरफलांची असते. लाखो वर्षांपूर्वी मेलेली, कुठल्या देशातली कोण जाणे."

"म्हणजे माझी प्रजाती?"

"तुझी नाही, बाळ. इथली तर नाहीच नाही."

ती परत डबक्यापाशी येऊन बसली आणि ढसाढसा रडली. लेखासाठी रडली, खोटं कशाला सांगा. तीन वर्षं गेली. अब्बांना आता काय तोंड दाखवायचं?

"काहून रडून राह्यल्या, मॅडम? कोनी काही बोललं का?" मथुराबाई हंडा घेऊन पाण्यावर आली होती.

"मावशी, तुमचं नाव द्यायचं होतं न, ते आता नाही देता येत. तो जीव इथला नाहीच. तो वरच्या औषधाच्या पावडरीतून आला."

"अवं माय! येवढ्यासाठी? नाव नाही भेटलं तं मी काय मरून चालली?" मथुराबाई हसली आणि तिनं हंडा डबक्यात बुडवला.

निलोफरनं डोळे पुसून हंड्याकडे पाहिलं. टरफलं पावडरीतून या पाण्यात आली, तर पावडरीतलं विष काय वरच राहिलं असेल?

"मावशी, पोडात बोअर आहे न? हे पाणी कशाला?"

"बोअरचं आमाले. हे खुशीले." खुशी म्हणजे तिची सून. सातवा महिना लागला होता. "तुमी मांगच्या साली पोडात सांगतलं नं, तो जीव राह्यते ते पानी एकदम चोख असते म्हून? पोरीले दिवस गेले तवापासून हेच पाजतो. पन आता पंधरा दिवसांपासून उलट्या थांबत नाही तिच्या, हात थरथर कापते. डाक्टर म्हने, चांगलं पानी पाजा, भरपूर पाजा." तिनं भरलेला हंडा डोक्यावर चढवला. "म्हून कालपासून दोन हंडे नेऊन राह्यली मी."