नाव घ्या

हेलसिंकीच्या विमानतळावर दाढीवाला अधिकारी फिनिश बोलत होता, पण दत्तारामांच्या कानात कुंदाचा आवाज येत होता. कुंदा गेल्यावर लेकीने वडिलांच्या दुभाषी यंत्राला आईचे जुने व्हॉइस मेसेज ऐकवून तिचा आवाज शिकवला होता.

“टोपी काढा आधी. इकडे बघा.”

दत्तारामांनी निमूटपणे टोपी काढली.

“एकटेच आलात?”

“हो,” ते कसेबसे म्हणाले.

अधिकाऱ्याने पासपोर्टवरचं नाव मोठ्याने वाचलं. कुंदाने मात्र जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. यंत्र अडखळलं आणि हळूच म्हणालं, “अहो…”

शिक्का बसला. “जा आता पुढे.”

मागे रांग खोळंबली, तरी दत्ताराम हलेनात.

“साहेब, नाव नीट वाचलंत ना? परत एकदा वाचा की.”