पाखरांचं खाणं

बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शिरा ठेवून झाला, भजी झाली, चहासुद्धा झाला. "आईला सांभाळू," असं भावानं हात जोडून सांगितलं, तरी कावळा झाडावरच. नेत्रा दगडासारखी बसून होती. बाबा गेल्यापासून तिनं डोळ्यांतून टिपूसही काढलं नव्हतं.

दवाखान्यात न्यायला भरलेला ग्रॅनोलाचा डबा पर्समध्ये तसाच होता. पौष्टिक म्हणून रोज सकाळी ती बाबांना भाजलेल्या ओट्समध्ये काजू-बेदाणे घातलेला ग्रॅनोला द्यायची. "हे पाखरांचं खाणं मला कशाला?" म्हणत ते काजू-बेदाणे तेवढे वेचून खायचे.

तिनं मूठभर पिंडाशेजारी ठेवलं. कावळा झपकन उतरला. चोचीनं ओट्स बाजूला सारून काजू-बेदाणे तेवढे वेचू लागला.

"बाबा," नेत्राच्या तोंडून निघून गेलं, "ओट्स टाकू नका!"