चोरून दिलेला इंटरव्ह्यू

पुण्याच्या नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू तोंडावर आला, आणि नेमका अपडेट झालेला लॅपटॉप काव्याच्या ब्लूटूथ इयरफोनला ओळखच दाखवेना. बंद-चालू करून, जुनी जोडणी काढून, सिद्धरामेश्वराचा धावा करून ती रडकुंडीला आली. इयरफोनशिवाय बोलावं, तर सगळं घर ऐकणार. सुनेला सोलापूर सोडायचंय, हे सासूबाईंना, सावित्रम्मांना, सांगणार कोण?

एकदाचं ‘कनेक्टेड’ आलं. पण इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांचा आवाज घुमला तो देवघरात, सासूबाई लिंगायत संतांची वचनं लावायच्या त्या स्पीकरमधून: “पुण्यात राहायला घरून काही अडचण नाही ना?”

काव्या ब्लूटूथ बंद करायला धडपडली.



लिंगपूजेला बसल्यावर घर पेटलं तरी तोंड न उघडणाऱ्या सावित्रम्मा आतून ओरडल्या, “काय बी अडचण न्हाय म्हणून सांग की गं!”