मेरीमातेचा हात

सहा वर्षांच्या नूतनीकरणानंतर राजधानीतलं मोठं संग्रहालय उघडलं. दारावर फलक होता: 'हे सगळं तुमचंच आहे, जवळ या!' पायऱ्यांच्या जागी उतार आला होता आणि तसबिरी व्हीलचेअरवरच्या माणसालाही नीट दिसतील इतक्या खाली आणल्या होत्या. दोब्रिन्का गावच्या त्स्वेताना आजी आपल्या व्हीलचेअरची चाकं हातानं फिरवत थेट मेरीमातेच्या तसबिरीसमोर गेल्या. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्याच चर्चमधून 'दुरुस्तीला' म्हणून नेलेली ती तसबीर. आजींनी क्रूसाची खूण केली, पुढे वाकून मातेच्या हातावर ओठ टेकवले आणि भोंगा वाजला.

"अहो आजी, काय करताय!" पहारेकरी धावत आला. "आधीच किती खराब झालीये ती! पाटी वाचा जरा."

आजींनी चष्मा लावला. 'उजव्या हातावरचा रंग पूर्ण झिजलेला. कारण अज्ञात.'

"अज्ञात?" आजी कडाडल्या. "माझी आजी, माझी आई, लग्नाच्या आदल्या दिवशी मी! तीनशे वर्षं आमच्या ओठांनी झिजलाय तो. काढ पेन आणि लिही तिथं, दोब्रिन्काच्या बायका!"